मुक्कामी राहिलेला पोस्टमन

डोंबिवलीचे क्लोरोफॉर्मवाले डॉक्टर. आधी त्यांना नमस्कार, मग पुढचं लिहितो. त्यांचं खरं नाव लिहायची परवानगी मागितली, तर म्हणाले, "नको रे बाबा. नाव वाचून लोक घरी येतील आणि फुकटची झोप मागतील." म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव लिहिलं. तेही त्यांना आवडत नाही, कारण रोग्याला निजवायला क्लोरोफॉर्म वापरणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. ठाणे स्टेशनाबाहेरचा टांगेवाला "या, क्लोरोफॉर्मवाले" म्हणाला की ते एक पाय टांग्याच्या पायरीवर ठेवून तसेच थांबत.

"अरे, बैलगाडी सोडून मोटारीत बसलेल्या माणसाला तू अजून गाडीवान म्हणतोस?"

"चुकलं साहेब. बसा, क्लोरोफॉर्मवाले."

माझं शिक्षण मराठी चौथी. लिहायची सवय नाही, आणि मुळात मी धास्तावलेल्या स्वभावाचा. दाराला कडी लावली की नाही हे उठून पुन्हा बघणारा. त्यामुळे मागचं पुढे, पुढचं मागे होईल. पण आज मी श्वास घेतोय तो या माणसामुळे, एवढं पक्कं आहे, आणि ते शब्दशः खरं आहे.

गिरणा नदीकाठचं गाव सोडून मी ठाण्याला आलो तो एका कापडगिरणीच्या रंगखात्यात. राहायला कोपरीत, मिठागरावर काम केलेल्या एका कुटुंबाच्या घरामागच्या खोलीत. हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी तांबडे. घरी आई आणि धाकटा भाऊ. बाप नव्हता. मी आजारी पडायचं नाही, हे ठरलेलंच होतं.

तरी पडलो. सकाळी पोटात उजवीकडे असं दुखायला लागलं की सरळ उभं राहता येईना. घरमालकीण म्हातारी दारात आली. "काय झाला रं पोरा, असा का परलास?" मी काही बोलायच्या आत तिनं नातवाला टांगा आणायला पिटाळलं. तलावाजवळच्या एका लहान खाजगी दवाखान्यात सर्जननी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, अपेंडिक्स, आजच कापायचं. म्हातारी माझ्या कानाशी वाकली. "घाबरू नको. मना पन त्याच क्लोरोफॉर्मवाल्या डाक्तरनी झोपवलेला. बोलतो लय. पन उठवतो."

मी घाबरलोच. आमच्याकडे भूल हा शब्द कोणी चांगल्या अर्थानं वापरत नाही. रानात वाट चुकली तर भूल पडली म्हणतात. आणि इथे सिस्टर हसत हसत सांगते, "आता तुम्हाला भूल देणार." मी तिचं मनगट जे धरलं ते सोडेना.

तेवढ्यात हे डोंबिवलीचे डॉक्टर आले. उंच, वाळकुडे, कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले, अंगाला भुलीच्या ईथरचा वास. त्या वासाबद्दल त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं म्हणणं मी नंतर ऐकलं: "गल्लीतली कुत्री यांच्यावर भुंकत नाहीत. जवळ येतात आणि पेंगतात." मागून वॉर्डबॉय ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आला. डॉक्टर त्याला म्हणाले, "हळू रे, आत्याबाईंना आपटू नकोस." सिलिंडरला ते आत्याबाई म्हणत. टांग्यातही दोन गुडघ्यांमध्ये धरून, वर उपरणं घालून आणत. ऊन लागू नये म्हणून.

माझ्या डोक्याशी स्टूल ओढून बसले. घाई कसली ती नाहीच.

"मी काय करणार आहे असं वाटतं तुला?"

"भूल देनार."

"आणि?"

"मंग मी मरनार."

"छे! मरायला इतकं सामान लागत नाही."

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. ही त्यांची खोड होती. रोगी वकील असो की हमाल, टेबलावर घेण्याआधी त्याला आपण काय काय देणार हे सांगायचंच. ते म्हणाले, भूल वेगळी आणि सैल करणं वेगळं. पोट कापायचं तर पोटाचे स्नायू सैल पाहिजेत, नाहीतर सर्जनला दगडात हात घातल्यासारखं होतं. पूर्वी पोट सैल पडेपर्यंत माणसाला ईथरमध्ये खोल खोल बुडवावं लागे. वर काढताना बुडणारा आणि काढणारा, दोघांचा जीव जाई. आता थोडीशीच झोप द्यायची आणि सैल करायचं औषध निराळं टोचायचं.

"आणि ही औषधं म्हणजे पाहुणे. तीन पाहुणे आहेत माझ्या पेटीत."

पहिलं क्युरारे. परदेशात कुठे जंगलातले लोक बाणाच्या टोकाला लावतात ते विष. डॉक्टर त्याला जावई म्हणत. येतो सावकाश, बसतो ऐसपैस, उठायचं नाव नाही, आणि त्याच्या पायी घराचं कंबरडं मोडतं, म्हणजे रक्ताचा दाब उतरतो. पण एक बरं, त्याच्या हातात नारळ देता येतो. उलटं औषध टोचलं की जातो.

दुसरं गॅलामीन. ती विहीण. ती नुसती दारात दिसली की सगळ्या घराची छाती धडधडायला लागते. जाते ती फक्त मोरीच्या वाटेनं. रोग्याचं मूत्रपिंड धड नसेल, म्हणजे मोरीच तुंबलेली असेल, तर विहीणबाई घरातच.

"आणि तिसरा पोस्टमन!" इथे त्यांचे डोळे चमकले. त्याचं नाव सक्सिनिलकोलीन. मला ते म्हणायला शिकायला पुढे पुष्कळ दिवस लागले. "हा नवीन आहे. येतो तो दारं-खिडक्या हादरवत. अंगभर स्नायू उडतात, दुसऱ्या दिवशी भारे वाहिल्यासारखं अंग दुखतं. पण काम झालं की गेला! घशात नळी घालेपर्यंत थांबतो आणि चालू लागतो. याला नारळ द्यावा लागत नाही. देताही येत नाही, असलं औषधच नाही. पण गरज काय? पोस्टमन कधी मुक्कामाला राहतो का?"

सर्जन हात धुऊन दारात उभे होते. ते डॉक्टरांना बुवा म्हणत.

"बुवा, कीर्तन आवरा. अपेंडिक्स फुटायची वाट बघतंय."

"नाही फुटणार. तेही ऐकतंय."

एक गोष्ट राहिली होती. तीही ते प्रत्येकाला विचारत. "सकाळी आई उठवते तेव्हा काय म्हणते?" त्यांचं मत असं की भुलीतून वर येणारा माणूस डॉक्टरच्या हाकेला ओ देत नाही. डॉक्टर काय, परका. तो ओ देतो ती ज्या हाकेनं आयुष्यभर उठलाय तिला. कोपरीच्या म्हातारीला त्यांनी "उठ गो बाय" म्हणून उठवलं होतं. एका शाळामास्तरांना "ऊठ मेल्या" म्हणून. मास्तर भर वॉर्डात ताडकन उठले म्हणे.

मी कळा सोसत सोसत सांगितलं, आमच्या अहिराणीत. आई म्हणते, "ऊठ रे भाऊ, दिन उगना." म्हणजे सूर्य उगवला. आणि मग कण्हत पुढचंही सांगून बसलो, की तरी नाही उठलो तर चिडून म्हणते, दिन बुडना तरी झोपेलच राहशील.

"पाठ झालं," डॉक्टर म्हणाले. हाताला सुई टोचली. काळोख.



मला जाग आली ती कानात. फक्त कानात. कात्र्या थाळीत टाकल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज. वाटलं, झालं, सुटलो. डोळे उघडायला गेलो. पापणी हलेना. हात उचलायला गेलो, हात नव्हताच. बोलावं तर जीभ कुठे आहे ते सापडेना. श्वास घ्यायला गेलो आणि कळलं की श्वास मी घेत नाहीये. तो येतोय, जातोय, पण माझा नाही. मग मनात एकच आलं. आपण मेलो. मेलेल्याला ऐकू येत असणार, इतकंच आजवर कोणी परत येऊन सांगितलं नव्हतं. आता हे मला उचलतील. आईला कोण कळवणार?

आणि अगदी जवळून, उलटा वाकल्यासारखा, तो आवाज आला.

"ऊठ रे भाऊ, दिन बुडना."

उलटं! उगनाच्या जागी बुडना!

सर्जनचा आवाज आला, जरा चढलेला. "बुवा, टाके घालून हात धुऊन झाले. हा का उठत नाही?"

"हळू बोला. तो ऐकतोय."

"कसला ऐकतोय! श्वास घेत नाहीये अजून, आणि म्हणे ऐकतोय."

"नाडी बघा, टांग्याच्या घोड्यासारखी पळतेय. आणि हे डोळ्याच्या कोपऱ्यात बघा."

माझ्या डोळ्यातून पाणी आलं होतं. तेवढंच एक माझ्या अंगात माझ्या हुकमात उरलं होतं.

मग ते माझ्याशी बोलायला लागले. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण तेव्हा दुसरं काहीच माझ्याजवळ नव्हतं. "हे बघ, तू मेलेला नाहीस. पोट छान शिवलंय. झालंय काय, की पोस्टमन बसलाय. का बसलाय मला माहीत नाही, पण बसलाय. त्याला हाकलायला माझ्याकडे काही नाही. पण तो जाणार. त्याला जावंच लागतं. तोवर तुझा श्वास माझ्याकडे आहे. जपून ठेवलाय. मी पिशवी दाबतोय तसा तो तुझ्या छातीत जातोय. मी इथून हलणार नाही. आता थोडी झोप देतो. पुन्हा जाग आली तर मी असेनच."

रबरी पिशवी. ती हातानं दाबायची, सोडायची, दाबायची. आपोआप दाबणारं यंत्र त्या दवाखान्यात कुठलं? होते ते यांचे हात.

मी झोपलो, जागा झालो, पुन्हा झोपलो. दर वेळी जाग आली की आवाज होताच. कधी ते मला डोंबिवलीच्या त्यांच्या विहिरीतल्या कासवाबद्दल सांगत असत. कधी आत्याबाईंच्या तब्येतीबद्दल. एकदा सर्जन म्हणाले, आणि आता त्यांचा सूर मऊ होता, "बुवा, बोटं वळलीत तुमची. द्या, थोडा वेळ मी दाबतो."

"नको. तुमची लय निराळी आहे. दचकेल तो."

"निदान पाणी तरी घ्या."

"सिस्टर पाजतील. तुम्ही एक करा. बोला त्याच्याशी. माझा घसा बसलाय."

 मग सर्जननी घसा खाकरला. हा माणूस रोग्याशी "दुखतं का" यापलीकडे कधी बोलला नसावा. ते म्हणाले, "हं. तर. तुमचं अपेंडिक्स... चांगलं होतं. म्हणजे वाईट होतं. पण निघालं व्यवस्थित."  मला आतल्या आत हसू आलं. हसायला श्वास लागतो हे मला तेव्हा कळलं.

आणि दर थोड्या वेळानं, न चुकता, ती हाक. "ऊठ रे भाऊ, दिन बुडना." प्रत्येक वेळी चुकीची. भीती होतीच, पण तिच्यावर आता चीड चढली. इतका हुशार माणूस, इतका जीव लावून बोलतोय, आणि एवढं साधं चुकतंय! माझी आई काय सूर्य मावळल्यावर उठवते का मला? जन्मात मी कोणाला उलट बोललो नव्हतो. मुकादमानं पगारी रजा कापली तरी "हो साहेब" म्हणणारा मी. पण हे मला दुरुस्त करायचंच होतं. मरणाशी भांडावं एवढं बळ माझ्यात नव्हतं, त्या एका शब्दाशी मी भांडत राहिलो.

आधी भुवई हलली. सिस्टर ओरडली. मग बोट. मग एक श्वास, कोंबडीच्या पिल्लाएवढा, पण माझा. डॉक्टरांनी लगेच पिशवी सोडली नाही. माझ्या प्रत्येक लहान श्वासाला ते आपला थोडासा जोड देत राहिले, मूल चालायला लागलं की मागे दोन हात धरून चालतात तसे. माझी मान उचलून धरता येईपर्यंत थांबले. मग नळी काढली.

"ऊठ रे भाऊ, दिन..."

"उगना!" मी म्हणालो. घशातून आवाज नव्हे, खरखर आली. "उगना!"

डॉक्टरांना कळेना. सिस्टरला वाटलं पाणी मागतोय. मी पुन्हा म्हणालो, "बुडना नही. दिन उगना."

 डॉक्टर स्टुलावर बसले. हात मांडीवर ठेवले, तर बोटं पिशवी धरल्यासारखी वाकडीच राहिली होती, सरळ होईनात. आणि ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून बाहीनं पुसायला लागले, आणि ते पुसणं काही संपेना.

सर्जन दारातून म्हणाले, "बुवा, तो ऐकत होता हो!" एवढंच. पण त्यानंतर त्यांनी कीर्तन आवरा असं म्हटलेलं कोणी ऐकलं नाही. सिस्टर तर सांगते की आता ते स्वतःच टाके घालताना रोग्याशी काहीतरी पुटपुटतात. बहुतेक अपेंडिक्सबद्दलच.

माझं इथे कोणी नाही हे कळल्यावर डॉक्टरांनी मला टाके सुकेपर्यंत डोंबिवलीला आपल्या घरी नेलं. त्यांच्या घरामागे तेव्हा भातशेत होतं आणि विहिरीत खरोखरच कासव होतं. तिथे पहिल्याच पहाटे मला जाग आली तर डॉक्टर माझ्या नाकाशी कापसाचा पुंजका धरून उभे! मी किंचाळलो. काकू आतून म्हणाल्या, "घाबरू नकोस रे. लग्न झाल्यापासून मी हेच सोसतेय. जिवंत माणसाच्या नाकाशी सूत धरणारा नवरा दिलाय देवानं."

"हलतंय की नाही, बघत होतो," डॉक्टर म्हणाले.

"मग? हललं का?"

"छान हललं."

असं म्हणताना त्यांच्या तोंडावर जे समाधान असे, ते मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही. लोकांना पगार झाला की होतो तेवढा आनंद त्यांना दुसऱ्याचा श्वास चालू असल्याचा होई. लग्नाच्या पंगतीत ते मंडपात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसत. झोपाळ्यावर बसले की हातात एक जुनी फाटकी रबरी पिशवी असे, ती दाबत-सोडत लय बसवत. काकू म्हणत, "बाकीच्यांचे नवरे पत्ते पिसतात."

त्या झोपाळ्यावरच मी त्यांना विचारलं. माझ्या मनात तेच घोळत होतं. "डॉक्टरसाहेब, ते औषध वाईट आहे ना?"

त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. "नाही. मी उद्या पुन्हा दुसऱ्याला तेच देईन, आणि तो हसत उठेल. जावई, विहीण, पोस्टमन, कोणीच वाईट नाही. कोणाच्या घरी कोण हे बघावं लागतं. तुझी आणि त्याची पत्रिका जुळत नाही. रक्तात काहीतरी असतं ते या औषधाला मोडून टाकतं, ते तुझ्यात कमी असावं. मलाही पुरतं माहीत नाही. पण घराण्यात उतरत असेल, असं म्हणायला लागलेत. म्हणून एक काम कर. भावाला सांगून ठेव. कधी ऑपरेशनची पाळी आली तर आधी बोलायचं. पोस्टमन नको म्हणायचं."

नुसतं सांगून त्यांचं भागेना. कल्याणच्या एका तांबटाकडून त्यांनी तांब्याचे दोन चपटे तुकडे करवून घेतले. त्यावर त्या औषधाचं नाव आणि पुढे "देऊ नये", मराठीत आणि इंग्रजीत कोरून. काळ्या दोऱ्यात ओवून एक माझ्या गळ्यात घातला, एक भावासाठी दिला. हे सारं जन्मभर ताईत-गंड्यांवर तोंडसुख घेणाऱ्या माणसानं. काकू हसून म्हणाल्या, "शेवटी तुम्हीही ताईत बांधलात!" ते म्हणाले, "हा वाचता येतो, एवढाच फरक."

आणि तो लागू पडला. परवाच्या उन्हाळ्यात भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, जळगावला. तिथल्या डॉक्टरांनी गळ्यातला तुकडा उलटून पालटून वाचला, भावाला चार प्रश्न विचारले आणि पोस्टमनला दारातूनच परत पाठवलं. भाऊ वेळच्या वेळी जागा झाला. आई शेजारीच होती, त्यामुळे हाकही बरोबर मिळाली.

हे सांगायला मी मुद्दाम डोंबिवलीला गेलो. डॉक्टर आता थकलेत. स्वतःलाही हर्निया आहे, पट्टा बांधून वेळ काढतात. ऐकून मला म्हणाले, "हललं ना छान?" मी पाय धरायला वाकलो आणि म्हणालो, तुमचे उपकार कसे फेडू. मला वाटलं होतं, नेहमीसारखी थट्टा करतील.  पण काकू आत आहेत ना हे बघून ते हळूच म्हणाले, "एक दिवस मलाही टेबलावर निजायचंय. इतकी वर्षं दुसऱ्यांना निजवलं, आणि खरं सांगू, मला भीती वाटते. मरायची नाही. कोणी बोलणार नाही याची."

मी विचारलं, "तुमची आई काय म्हणायची उठवताना?"

"आठवत नाही रे. फार लहानपणी गेली. मी आपला आपणच उठायचो. मला हाक नाही."

डॉक्टर, तुमच्यासमोर मला तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. तो दिवस ठरला की मला कळवा. गिरणीत पाळी असली तर मी बदलून घेईन. हात निळे असतील तर तसेच येतील. मला पिशवी दाबता येत नाही, ते ज्याला येतं तो करील, पण मी तुमच्या डोक्याशी स्टुलावर बसेन आणि तुम्ही ऐकताय हे धरून बोलत राहीन. कासवाबद्दल बोलेन. आत्याबाईंबद्दल बोलेन. आणि वेळ झाली की माझ्या आईची हाक तुम्हाला देईन, पण मुद्दाम तुमच्यासारखी चुकीची देईन. "ऊठ रे भाऊ, दिन बुडना," असं म्हणेन, आणि तुम्ही डोळे उघडून माझी चूक दुरुस्त करेपर्यंत म्हणत राहीन.